सासू सख्खी आत्या, रिपोर्टात जनुक आणि बहिणीचं स्थळ

वाचकाचं पत्र:
माझं वय २६. लग्न आतेभावाशी झालंय, म्हणजे सासूबाई माझ्या सख्ख्या आत्या. आमची मुलगी १९ महिन्यांची आहे. हाकेला वळत नाही म्हणून बेरा ही ऐकण्याची टेस्ट केली, तर दोन्ही कानांत ९० डेसिबललाही प्रतिसाद नाही असं आलं. चार महिन्यांपासून ऐकण्याची मशीन आहेत, पण ती ओढून काढते म्हणून दिवसातून तास-दीड तासच लावतो. डॉक्टरांनी कॉक्लियरचं ऑपरेशन सुचवलंय आणि जेनेटिक टेस्टही करायला लावली. रिपोर्टात ‘जीजेबी-२, डब्ल्यू-२४-एक्स, होमोझायगस’ असं लिहिलंय. आत्या म्हणतात, आमच्या घराण्यात सात पिढ्यांत कुणी बहिरं नाही, तू ग्रहणात भाजी चिरलीस. मिस्टर मोबाईलवर व्हिडिओ दाखवतात, चीनमध्ये इंजेक्शन देऊन बहिरी मुलं ऐकायला लागली म्हणे, आपण ऑपरेशनला थोडं थांबू. दुसरं मूल होऊ द्यावं का? आणि सगळ्यात अवघड म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न माझ्या दिराशी करायचं घाटतंय. बोलले तर घर फुटेल, गप्प बसले तर मलाच खात राहील. काय करू?
(एक वाचक, सांगली जिल्हा)

ताई,

मशीनचं तुम्ही पत्रात मध्येच एका वाक्यात उरकलंय, पण मी सुरुवात तिथूनच करणार. जनुकाचा रिपोर्ट पुढच्या वर्षीही हाच राहील, मुलीचं वय मात्र थांबणार नाही. कानातून आवाज पोचला नाही की मेंदूतला ऐकण्याचा भाग रिकामा बसत नाही, तो दुसऱ्या कामांना जुंपला जातो. पहिली तीन-साडेतीन वर्षं या बाबतीत सगळ्यात मोलाची, आणि त्यातलं दीड वर्ष गेलंय. तास-दीड तासानं काही होणार नाही. ती जागी असेल तेवढा सगळा वेळ मशीन कानात हवं.

ओढून का काढते ते आधी बघा. चार महिन्यांपूर्वी माप घेऊन केलेला मोल्ड, म्हणजे मशीनचा कानात बसणारा भाग, असेल, तर तो बहुतेक सैल झालाय. या वयात कान भराभर वाढतो. तिला कडेवर घेतल्यावर किंवा टोपी घातल्यावर मशीनमधून बारीक शिट्टी येते का? मोल्ड बोटानं हलकेच आत दाबल्यावर ती थांबते का? थांबत असेल तर आठवडा न दवडता नवीन माप द्या. पाळीमागे लाल झालंय का, मोल्डची कड टोचते का, तेही बघा. मशीनला दोरा बांधून क्लिप फ्रॉकला मागच्या बाजूनं लावा, म्हणजे ओढलं तरी हरवणार नाही, तोंडात जाणार नाही. आणि लावायची वेळ खेळाची, खाऊची ठेवा. झोप आलेली असताना, चिडलेली असताना लावायला गेलात की भांडण ठरलेलंच.

एक विनंती, घरात कुणाला ताट वाजवून परीक्षा घेऊ देऊ नका. ताट वाजलं की जमीन थरथरते, सावली हलते, मूल वळतं आणि ‘ऐकतंय की!’ म्हणून सगळे निर्धास्त होतात. शिवाय बहिरं बाळही पहिले सहा-सात महिने इतर बाळांसारखेच हुंकार देतं. त्यात ‘बापही उशिराच बोलला होता’ असं म्हणणारं कुणीतरी प्रत्येक घरात असतं. कित्येक मुलांचं वर्ष असंच जातं. परीक्षा घ्यायचीच तर रोज सकाळी मशीन लावून तिच्या पाठीमागे, तिला दिसणार नाही असं बसून आ, ई, ऊ, म, श, स हे सहा आवाज नेहमीच्या आवाजात काढा आणि कशाला थबकली ते वहीत लिहा. एकालाही थबकली नाही तरी तसं लिहा. मशीन पुरेसं पडतंय की नाही हे ठरवताना ती वही ऑडिओलॉजिस्टच्या, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञाच्या, फार उपयोगी पडते.

आता रिपोर्ट. घाबरवणारी अक्षरं आहेत, पण अशा रिपोर्टांमधला हा त्यातल्या त्यात बरा आहे.

जीजेबी-२ हे जनुक ‘कनेक्सिन २६’ नावाचं प्रथिन बनवतं. आतल्या कानात, शंखासारख्या गुंडाळलेल्या कॉक्लियात, हे प्रथिन शेजारशेजारच्या पेशींमध्ये बारीक वाटा तयार करतं आणि त्यांतून पोटॅशियम पुढे सरकतं. पोटॅशियमची ही ये-जा बंद पडली की ऐकण्याच्या पेशी काम करू शकत नाहीत. प्रथिन २२६ अमिनो आम्लांचं असायला हवं. ‘डब्ल्यू-२४-एक्स’ म्हणजे २४व्या जागी ‘इथेच थांबा’ असा चुकीचा संकेत आलाय, त्यामुळे प्रथिन बनतच नाही. या जनुकाचा बहिरेपणाशी संबंध १९९७ साली कळला. युरोपात यातला वेगळा बिघाड जास्त दिसतो, चीन-जपानकडे तिसराच. भारतात मात्र हा डब्ल्यू-२४-एक्सच सर्वाधिक आढळतो. आणि गंमत अशी की युरोपातल्या रोमा लोकांमध्येही हाच सापडतो, ज्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून तिकडे गेले. म्हणजे बिघाड फार जुना आहे. तो तुमच्या गरोदरपणात झालेला नाही.

‘होमोझायगस’ म्हणजे दोन्ही प्रतींमध्ये तोच बिघाड. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. घराच्या कुलपाला दोन चाव्या असाव्यात तसं समजा, एक हरवली तरी दुसरीनं दार उघडतं आणि कुणाला काही कळतही नाही. तुमची एक चावी हरवलेली आहे, मिस्टरांचीही एक. तुम्हा दोघांना व्यवस्थित ऐकू येतं. मुलीच्या वाट्याला दोघांकडूनही नेमकी हरवलेलीच आली.

यात बरं काय? पहिलं म्हणजे दोष कॉक्लियात आहे, मागची श्रवणाची नस सहसा शाबूत असते. कॉक्लियर इम्प्लांट कॉक्लियाला वळसा घालून थेट नसेला संदेश देतं, त्यामुळे या जनुकाच्या मुलांना ते वेळेवर बसवलं तर निकाल चांगले येतात. दुसरं, जन्मजात बहिरेपणाची काही कारणं एकटी येत नाहीत. अशर सिंड्रोममध्ये पुढे दृष्टी जाते, पेन्ड्रेडमध्ये गलगंड होऊ शकतो. जर्वेल-लँग-नील्सन नावाच्या दुर्मीळ आजारात हृदयाचे ठोके बिघडतात आणि मूल अचानक बेशुद्ध पडतं. कारण कळेपर्यंत हे सगळं मनात ठेवून डोळे, ईसीजी, थायरॉईड बघावे लागतात. तुमच्या मुलीच्या जनुकात प्रश्न कानापुरता आहे.

आत्यांचं म्हणणं घेऊ.

ग्रहणाचं दोन वाक्यांत संपवते. मुलीला कोणत्या दोन प्रती मिळणार हे गर्भ राहिला त्या क्षणीच ठरलं होतं. ग्रहण, विळी आणि भाजी हे सगळं त्यानंतरचं.

‘सात पिढ्यांत कुणी नाही’ हे त्या खोटं बोलत नाहीत. असंच असतं. बहिऱ्या जन्मलेल्या दर दहा मुलांपैकी नऊहून जास्त मुलांच्या आईबापांना नीट ऐकू येतं. एक प्रत बिघडलेली असली तर कुणाला कळत नाही, त्यामुळे ती पिढ्यानपिढ्या गुपचूप पुढे जात राहते. पण ‘आमचं घराणं’ म्हणजे कुठलं, एवढं एकदा कागदावर मांडून बघा. आम्ही क्लिनिकमध्ये हेच करतो. वर तुमचे आजी-आजोबा, आजीसाठी गोल, आजोबांसाठी चौकोन. त्यांच्याखाली आत्या आणि तुमचे वडील. आत्यांच्या खाली मिस्टर, वडिलांच्या खाली तुम्ही. तुमच्या दोघांमध्ये जी रेघ येते ती नात्यातल्या लग्नासाठी दुहेरी काढायची, आणि तिच्याखाली भरीव गोल म्हणजे तुमची मुलगी. आता बोट उलट दिशेनं वर न्या. दोन्ही वाटा एकाच जोडप्यापाशी जाऊन मिळतात. तुमच्या आजीकडे किंवा आजोबांकडे एक बिघडलेली प्रत असणार, ती आत्यांकडेही आली आणि तुमच्या वडिलांकडेही. म्हणजे बहुतेक करून ती सासरच्या घराण्यातली नाहीच, तुमच्या आणि आत्यांच्या सामाईक माहेरातून आलेली आहे.

‘बहुतेक करून’ असं म्हटलं, कारण हा बिघाड आपल्याकडे इतका पसरलेला आहे की तो तुमच्या आईकडून किंवा तुमच्या सासऱ्यांकडून आला, असंही होऊ शकतं.

हे आत्यांना सुनावण्याचा मोह होईल. मलाही झाला असता. पण तुम्ही सुनावलंत तर ते सून-सासूचं भांडण ठरेल आणि पुढची दहा वर्षं पुरेल. पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर घेऊन जा आणि हा तक्ता डॉक्टरांना किंवा जेनेटिक कौन्सेलरला काढू द्या. नातीचा दोष आपल्या रक्तातून आला असेल, ही भीती त्यांनाही आतून असणार. ग्रहणावर ढकलणं त्यातूनच येतं. ‘यात कुणाचीही चूक नाही’ हे वाक्य त्यांना परक्या माणसाच्या तोंडून ऐकू दे.

मग आमच्याकडे सगळीच मामाच्या मुली करतात, त्यांची मुलं कशी धडधाकट? हाही प्रश्न घरात निघालाच असेल. आकडे सरळ आहेत. आजोबांकडे एक बिघडलेली प्रत होती असं धरा. ती आत्यांपर्यंत यायची शक्यता निम्मी, तिथून मिस्टरांपर्यंत पुन्हा निम्मी, म्हणजे चारात एक. वडिलांमार्फत तुमच्यापर्यंतही चारात एक. दोघांकडे असण्याची शक्यता सोळात एक, आणि त्यापुढे बाळाला दोन्ही बिघडलेल्याच मिळण्याची चारात एक. एकूण ६४त एक. उरलेल्या ६३ घरांत काहीच होत नाही आणि ती घरं दाखले द्यायला मोकळी राहतात.

तुमच्यासाठी मात्र आता ६४त एक हा आकडा संपला. तुम्ही दोघं वाहक आहात, म्हणजे दोघांकडे एकेक बिघडलेली प्रत आहे, हे मुलीच्या रिपोर्टावरून जवळजवळ नक्की झालंय. तरी दोघांची रक्ततपासणी करून तसं लेखी घ्या, पुढच्या सगळ्याचा पाया तोच आहे. यापुढे प्रत्येक गरोदरपणात बाळ बहिरं असण्याची शक्यता चारात एक, म्हणजे २५ टक्के. एक झालं, आता पुढची तीन सुटली, असा हिशोब नसतो. दर वेळी पुन्हा चारात एक, मुलगा असो की मुलगी.

दुसरं मूल होऊ द्यावं का, हे मी सांगणार नाही. वाटा सांगते. गरोदरपणात ११ ते १३ आठवड्यांत वारेचा सूक्ष्म नमुना घेऊन, किंवा १६ आठवड्यांच्या सुमारास गर्भजल काढून ही एक जागा तपासता येते. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा १९९४चा कायदा आनुवंशिक आजारांसाठीच्या या तपासणीला नोंदणीकृत केंद्रात परवानगी देतो. दोन्ही प्रक्रियांमध्ये गर्भपाताचा थोडा धोका असतो. काही जोडपी तपासणी पुढचा निर्णय घेण्यासाठी करतात, काही नुसती तयारीसाठी, आणि काही जण करतच नाहीत. टेस्ट ट्यूबच्या मार्गानं गर्भ आधीच तपासून घेता येतो, पण ते खर्चिक आहे आणि शरीराला त्रासाचं. आणि चौथी वाट म्हणजे बाळ होऊ द्यायचं आणि जन्मल्यावर लगेच बघायचं. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असा जगभरचा नियम आहे. फक्त तुमच्या बाबतीत प्रसूतीनंतरच्या साध्या ओएई चाचणीत ‘पास’ आलं म्हणून निश्चिंत होऊ नका. या जनुकाची बाळं क्वचित त्यात पास होतात आणि ऐकणं नंतर जातं. बेरा करा, आणि बाळाचं जनुकही तपासून घ्या.

ही चौथी वाट निवडणारी जोडपी मला बऱ्याचदा भेटतात, आणि त्यांचं पहिलं मूल तोवर इम्प्लांट लावून शाळेत बडबड करत असतं. दुसऱ्या मुलाचा निर्णय पहिल्याचं कसं चाललंय त्यावर फार अवलंबून असतो. म्हणूनही आधी मशीन, आधी ऑपरेशन.

मिस्टरांना सांगा, व्हिडिओ खोटा नाही. शांघायच्या डॉक्टरांनी कानात जनुक सोडून उपचार केला, जानेवारी २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि सहापैकी पाच मुलांना ऐकू यायला लागलं. पण ते जनुक ओटोफ नावाचं, तुमच्या मुलीचं जीजेबी-२. त्या औषधाचा तिला काहीही उपयोग नाही. जीजेबी-२ वर प्रयोगशाळांत काम चालू आहे, पण आज मुलांना देण्यासारखं त्यातून काही हाती आलेलं नाही. त्याची वाट बघत तिची दोन वर्षं घालवलीत तर ती परत मिळायची नाहीत.

ऑपरेशनच्या पैशांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण ‘थोडं थांबू’ मागे पुष्कळदा तेच असतं. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेत जन्मतः बहिऱ्या लहान मुलांच्या इम्प्लांटसाठी मदत मिळते, उत्पन्नाची आणि वयाची अट असते. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत त्याची चौकशी होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही जन्मजात बहिरेपणा येतो. जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे डीईआयसीची, चौकशी करा. ऑपरेशनआधी न्युमोकोकलची लस झालीय ना ते बघा, इम्प्लांट असलेल्या मुलांना मेंदूज्वराचा धोका थोडा जास्त असतो. आणि ऑपरेशन झालं की दुसऱ्या दिवशी ‘आई’ म्हणेल अशी आशा धरू नका. त्यानंतर दोन-तीन वर्षं नेमानं थेरपी असते, अर्धी अधिक घरीच, तुमच्याकडूनच. मधल्या काळात हातवारे, खुणा बिनदिक्कत करा. खुणांनी बोलणं अडतं हे मला पटत नाही. आपलं म्हणणं आईला कळतंय एवढं मुलाला आज समजायला हवं.

आता बहिणीचं.

तुमच्या वडिलांकडे बिघडलेली प्रत आहे असं धरलं तर बहिणीकडे ती असण्याची शक्यता निम्मी. आत्यांकडे आहे, म्हणून दिराकडे असण्याचीही निम्मी. दोघांकडे असण्याची चारात एक, आणि त्यांचं मूल बहिरं असण्याची सोळात एक. मोघम ‘नात्यात नको’ म्हणण्यापेक्षा हा आकडा घरात मांडा, कारण तो तपासून शून्याजवळही आणता येतो आणि चारात एकवरही जाऊ शकतो. गप्प बसू नका. उद्या त्यांच्या पाळण्यात हेच झालं आणि तुम्हाला आधी माहीत होतं असं कळलं, तर घर तेव्हा फुटेल.

पण तपासणी दिराची आधी करा. आपल्याकडे असल्या वेळी मुलीलाच पुढे करतात. मुलगी वाहक निघाली की गावभर होतं, पुढची स्थळं अडतात, आणि मुलाचं कुणी विचारतही नाही. दीर वाहक नसेल तर बहिणीची तपासणी करायची गरजच उरत नाही, कारण तिच्याकडे बिघडलेली प्रत असली तरी मुलांना दुसरी चांगली मिळेल. या जनुकाचा प्रथिन बनवणारा भाग छोटा, एका तुकड्यात असतो, म्हणून लॅबला फक्त डब्ल्यू-२४-एक्सची जागा न बघता दिराचा तो अख्खा भाग वाचायला सांगा. सासऱ्यांकडून एखादा वेगळा बिघाड आलेला असला तर तोही कळेल.

तो निर्दोष निघाला तरी परवानगी मिळाली असं समजू नका. सख्ख्या आते-मामे भावंडांत जनुकांचा आठवा हिस्सा सारखा असतो, आणि त्यात इतर काय दडलंय ते या एका टेस्टमध्ये दिसत नाही. कुठल्याही जोडप्याच्या बाळात जन्मजात दोषाचा धोका दोन-तीन टक्के असतोच, नात्यातल्या लग्नात त्यावर आणखी साधारण दोन-तीन टक्के चढतात. मला विचाराल तर एकाच घरात दुसऱ्यांदा हा जुगार मी खेळणार नाही. आणि एक, बहिणीला स्वतःला हे स्थळ हवंय का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. दिराची टेस्ट बुक करण्याआधी तिला विचारा. ती नको म्हणाली तर कुणाच्याच रक्ताची नळी भरायची गरज नाही.